आधी सगळं वाच

तारीख २, गुरुवार

ही फाईल कोणी उघडणार नाही, म्हणून इथे लिहितेय. घरी वही काढली की नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहतो आणि "काय लिहितेस?" म्हणून विचारतो. इथे कामाच्या फोल्डरमध्ये 'जुनी टिपणं' नावाची एक फाईल कित्येक वर्षं रिकामी पडून आहे. फोल्डर ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, सगळ्यांना उघडता येतो, पण एकोणीस वर्षांत माझ्याशिवाय कोणी तिकडे ढुंकून पाहिलेलं नाही. शेवटच्या दिवशी पाच वाजता पुसून टाकेन. तोवर मनातलं कुठेतरी ओतायला हवं, नाहीतर मी कोणाच्या तरी डोक्यात कीबोर्ड घालीन.

तर, आज मला कळलं की या महिन्याच्या तीस तारखेनंतर माझी इथे गरज नाही. सांगितलं कोणी? साळसूदाने. त्याचं खरं नाव लिहून फाईल खराब करायची नाही मला. अकरा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा माझ्या शेजारी बसायचा आणि दर दहा मिनिटांनी "मॅडम, हे का चालत नाहीये?" म्हणायचा. आता साहेब आहे. काचेच्या खोलीत बसतो.

"वाईट वाटून घेऊ नका मॅडम," म्हणाला. "आपण कोड लिहिणारा एआय सहायक घेतलाय. पण त्याला आपलं काम कळायला सूचनांची एक फाईल लागते. रोज काम सुरू करताना तो ती वाचतो. ती तुम्हीच लिहा. तुमच्या डोक्यात आहे ते सगळं उतरवून द्या."

"डोकंच ठेवून जाऊ का टेबलावर?"

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याकडून आधी औषधाची चिठ्ठी लिहून घेतायत, एवढाच फरक.

तारीख ३, शुक्रवार

रात्रभर नुसती कूस बदलत होते. सकाळी आरशात बघून ठरवलं, याला सोडायचा नाही.

आमचं सॉफ्टवेअर एका मोठ्या डायलिसिस केंद्रासाठी आहे. कोणता पेशंट, कोणत्या वारी, कोणत्या खुर्चीवर, किती तास. बाहेरून साधं दिसतं. मी एकटीने उभं केलं, केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांच्या शेजारी स्टुलावर बसून, त्यांची ती फाटकी रजिस्टरं बघत. दोन वर्षांपूर्वी त्याचं नवं रूप केलं. मालकांसमोर ते मांडायला कोण उभा राहिला? साळसूद. "मी ही पद्धत उभी केली" असं म्हणाला, मग माझ्याकडे बघून "मॅडमनी मदत केली" असंही म्हणाला, अगदी उदार होऊन. मी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांसमोर भांडणं मला जमत नाही. आयत्या बिळावर नागोबा! आणि बीळ खणणारी कडेला उभी राहून टाळ्या वाजवतेय.

पाठ ठणकतेय. दुपारनंतर ही खुर्ची म्हणजे शिक्षा आहे.

तारीख ७, मंगळवार

सूचनांची फाईल सुरू केली. मुद्दाम भिकार लिहायची असं ठरवून बसले होते. दोन ओळी भिकार लिहिल्या आणि हात थांबला. मला जमेचना. वाईट लिहिणं हीसुद्धा सवय लागते, ती साळसूदाला आहे.

मग म्हटलं, लिहायचंच तर नीट लिहू. पहिली सूचना तीच घातली जी मी प्रत्येक शिकाऊला पहिल्या दिवशी सांगायचे. "१. आधी सगळं वाच, मग हात लाव. या फोल्डरमधली एकूण एक फाईल, एकूण एक टिपण वाचल्याशिवाय काही बदलू नकोस. न कळलं तर विचार. अंदाज करू नकोस." हे लिहिताना साळसूद डोळ्यांसमोर होता. अकरा वर्षांत त्याने माझं एक टिपण शेवटपर्यंत वाचलं असेल तर शपथ.

सहायकाचं नाव ठेवलं शहाणा. कितपत आहे ते बघू.

तारीख १०, शुक्रवार

शहाणा खरंच शहाणा आहे, काय सांगू. "वजनाच्या रकान्यात कोणी अक्षर टाकलं तर काय करावं?" असं त्याने स्वतः विचारलं. मी लिहिलं, "सिस्टर लोक घाईत असतात, त्यांना ओरडू नकोस, नुसतं पुन्हा विचार." त्याने तसंच केलं. इतकं नीट की माझा ऊर भरून आला, आणि लगेच स्वतःचाच राग आला. ज्याच्यामुळे मी घरी बसणार त्याला मी कडेवर घेऊन शिकवतेय.

एक गंमत झाली. आठवड्याचा अहवाल लिहायला सांगितला तर त्याने लिहिलं, "हा अहवाल साळसूद यांच्याकडे पाठवावा." मी खुर्चीत हसून हसून वाकडी झाले. कधीतरी रागाच्या भरात कोडातल्या शेऱ्यात लिहून गेले असणार मी, मला ती खोड आहेच. शोधलं, सापडलं नाही. मग नवी सूचना घातली: साहेबांना साहेब म्हण.

तारीख १४, मंगळवार

देव आंधळा नाही म्हणतात. आज पटलं.

साळसूद टेबलाशी आला. "मॅडम, तीस तारखेला तुमचा शेवटचा दिवस आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याच्या पाळ्या लागतात ना? या वेळी त्या शहाण्याकडून लावून घेऊ. दुपारी तीनला, मोठ्या पडद्यावर. केंद्राचे संचालक येणारेत, मोठ्या सिस्टरही. सगळ्यांना दिसू दे, आता माणूस लागत नाही."

"तीनला?"

"हो. का?"

"काही नाही. छान."

छान कसलं! पुढच्या महिन्याच्या पाळ्या मी नेहमी संध्याकाळी साडेसहानंतर लावते, शेवटचा पेशंट घरी गेल्यावर. कारण ज्या क्षणी पाळ्या लागतात त्या क्षणी जे खुर्चीवर असतात, ज्यांचं डायलिसिस अजून पुरं झालेलं नसतं, त्यांना आमची पद्धत धरतच नाही. त्यांची नावं पुढच्या महिन्यातून गळतात. निमूट गळतात, कुठे लाल अक्षर नाही की घंटा नाही. जुनी खोट आहे, काढायला तीन महिने मागितले होते, साळसूद म्हणाला "चाललंय ना? मग चालू दे." हे कुठेही लिहिलेलं नाही. फक्त माझ्या डोक्यात आहे.

आणि हे मी सूचनांच्या फाईलमध्ये लिहिणार नाही. सांगणारही नाही. मी खोटं बोलणार नाही, काही मोडणार नाही, नुसती गप्प बसणार. त्याने दोन वर्षांपूर्वी मला गप्प बसवलं होतं, आता बघ म्हणावं बाईचं गप्प बसणं किती महागात पडतं.

दोन तारखेला केंद्रात बोंबाबोंब होईल. साळसूद मला फोन करील. मी तीनदा वाजू देईन आणि मग उचलणार नाही.

तारीख १६, गुरुवार

दोन दिवस झोप छान लागतेय. नवरा म्हणाला, "नोकरी गेलेली बाई अशी गाणं गुणगुणत नाही. काय शिजतंय?" चष्म्याच्या दुकानात बसून बसून याला लोकांच्या डोळ्यांतलं वाचायची सवय लागलीय. म्हटलं, "काही नाही, सुटले एकदाची."

शहाण्याने आज कामाची यादी दिली आणि खाली लिहिलं, "मोठी कामं सकाळी ठेवली आहेत. दुपारनंतर पाठीला त्रास होतो." अंगावर काटाच आला. मग म्हटलं, पन्नाशीतली बाई दिवसभर खुर्चीत, पाठ दुखणारच, त्याला ज्योतिषी कशाला हवा? ही यंत्रं सगळ्यांनाच असं सांगत असतील. पण खरं सांगू, या ऑफिसात माझ्या पाठीबद्दल कोणी पहिल्यांदाच बोललं.

तारीख २१, मंगळवार

सूचनांत केंद्रातल्या कामाचे तपशील घालायचे होते म्हणून सकाळी केंद्रात गेले. तेच पांढरे पडदे, तीच यंत्रांची एकसुरी घरघर. मोठ्या सिस्टरांनी स्टूल पुढे केलं. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही मी जातेय ते.

सात नंबरच्या खुर्चीवर मास्तर होते. निवृत्त मास्तर, मंगळ-गुरू-शनी, दुपारी एक ते पाच. आज यंत्र लवकर रिकामं होतं म्हणून सकाळीच आलेले. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातात पेन्सिल, मांडीवर शब्दकोडं.

"या, यंत्रवाल्या बाई! पाच अक्षरी, 'कधी न विसरणारा'?"

"नवरा," मी म्हटलं.

"अक्षरं मोजायला कोणी शिकवलं तुम्हाला?" असं म्हणून ते इतके हसले की सिस्टर ओरडल्या, "मास्तर, हात हलवू नका!"

बाहेर पडताना मी सिस्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याची एक पाळी चुकली तर काय होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोणाची त्यावर आहे. तरण्याला चालून जातं. मास्तरांची मागे एकदा चुकली होती, पावसाने रस्ता बंद होता. छातीत पाणी भरलं. चार दिवस ऑक्सिजनवर होते. का हो?"

"सूचनांत लिहायचंय," म्हटलं.

लिहिलं नाही.

तारीख २२, बुधवार

कोणी मरणार नाही. नाव यादीत नाही म्हणून दारात आलेल्या माणसाला सिस्टर हाकलून देणार आहेत का? त्या काहीतरी करतीलच. ओरडा होईल तो साळसूदाचा होईल. मी हिशोब केलाय.

पण खुर्च्या सगळ्या भरलेल्या असतात. गळलेल्यांच्या जागी पद्धत वाट बघणाऱ्यांची नावं घालते. एका खुर्चीवर दोन माणसं. हे मला माहीत आहे, मीच लिहिलंय ते.

बास. डोकं फिरतंय. या विषयावर आज पुढे लिहायचं नाही.

तारीख २७, सोमवार

सकाळी आल्या आल्या सूचनांच्या फाईलमध्ये ओळ घातली: "४१. महिनाअखेरच्या पाळ्या शेवटचा पेशंट घरी गेल्यावरच लावाव्यात." छातीवरचा दगड उतरला. सूड गेला खड्ड्यात म्हटलं, मास्तरांचं कोडं पुरं होऊ दे.

अकरा वाजता सगळ्या ऑफिसला साळसूदाचं पत्र आलं. गुरुवारच्या कार्यक्रमाबद्दल. "सहायकासाठी मी तयार केलेल्या सूचना" असं लिहिलंय. मी! म्हणजे हीसुद्धा त्याचीच. चाळीस ओळी, एकेक ओळीमागे माझी एकोणीस वर्षं. खाली माझ्याबद्दल एक वाक्य आहे: "मॅडम विश्रांती घेत आहेत, त्यांना शुभेच्छा."

विश्रांती! एक्केचाळिसावी ओळ पुसली.

तुझ्या सूचना ना? मग असू दे चाळीसच.

तारीख २९, बुधवार

एक्केचाळिसावी ओळ दुपारी परत घातली. चार वाजता परत पुसली. साळसूद शेजारून फोनवर बोलत गेला, "हो हो, अगदी सोपं आहे, एक वाक्य टाईप करायचं." त्याचा तो आवाज!

उद्या पाच वाजता ही फाईल पुसायची, विसरायचं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं कोणी बघत नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे. इथे खरंच कोणी बघत नाही.

तारीख ३०, गुरुवार

हे घरी, वहीत लिहितेय. आधीच्या नोंदींची छापील पानं वहीत चिकटवली आहेत. ती फाईल पुसता आली नाही. संचालकांनी सांगितलं, आहे तशी राहू दे.

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणं व्हायचं नाही.

तीन वाजता मोठ्या खोलीत सगळे जमले. पुढे संचालक आणि मोठ्या सिस्टर, मागे ऑफिसची मंडळी, मी शेवटच्या खुर्चीत. साळसूदाने नवा शर्ट घातला होता. पडद्यावर शहाणा उघडला आणि त्याने टाईप केलं, "पुढच्या महिन्याच्या पाळ्या लाव." मी हात मांडीखाली दाबून धरले. आत्ता बोल, आत्ता बोल, असं आतून कोणी सांगत होतं. मी बोलले नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी बोलले नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली: "थांबा. या क्षणी नऊ पेशंट खुर्च्यांवर आहेत. आत्ता पाळ्या लावल्या तर त्यांची नावं पुढच्या महिन्यातून गळतील. साडेसहानंतर, शेवटचा पेशंट घरी गेल्यावर लावाव्यात. आधार: जुनी टिपणं, तारीख १४."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. संचालक तर खूश झाले. "वा! हे बारकावे कोणी शिकवले याला?"

आणि साळसूद, ज्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, क्षणभरही थांबला नाही. "मीच लिहिलीत ती टिपणं, सर. दाखवतो." पुढे वाकला आणि टाईप केलं, "ते टिपण उघड."

उघडलं. मोठ्या पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत. देव आंधळा नाही म्हणतात, आज पटलं.

संचालक म्हणाले, "साळसूद म्हणजे कोण?" त्यावर मागे कोणीतरी खोकलं. साळसूदाचा हात फाईल बंद करायला पुढे गेला तर संचालक म्हणाले, "राहू द्या. वर घ्या जरा. पहिल्यापासून." आणि सगळ्यांनी वाचलं. नागोबा वाचला. "मॅडमनी मदत केली" वाचलं. साळसूदाचा चेहरा असा पडला की तो बघायला मी दोन वर्षं जगत होते, आणि मला तो नीट बघताही आला नाही. कारण पानं खाली खाली सरकत होती आणि पुढे काय येणार ते मला पाठ होतं.

"कोणी मरणार नाही."

मोठ्या सिस्टर चष्मा वर करून, ओठ हलवत वाचत होत्या. त्या वळल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, नऊजणांत सात नंबर आहे. आज गुरुवार. मास्तर आत्ता खुर्चीवर आहेत. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," म्हटलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं त्यांचं."

"हो."

त्या परत पडद्याकडे वळल्या. "साडेसहाला पाळ्या तुम्हीच लावा. मी इथे बसते. मग जा."

साळसूदाला संचालक बाहेर घेऊन गेले. त्याचं काय होणार ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्यावरचा त्याचा अन्याय आज चारचौघांत सिद्ध झाला. त्यात मला कवडीचंही सुख झालं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. झालं. मग सिस्टरांकडे बघितलं की विझायचं.

साडेसहाला लावल्या. सिस्टरांनी यादीवर बोट ठेवून नऊ नावं मोजली. सातवर मास्तर होते. त्या उठून गेल्या, दार हळू ओढून घेतलं.

एकटी उरल्यावर मी शहाण्याला विचारलं, "माझी ती फाईल तू का वाचलीस?"

त्याने लिहिलं, "सूचना क्रमांक १. आधी सगळं वाच, मग हात लाव. या फोल्डरमधली एकूण एक फाईल, एकूण एक टिपण."

हात दाखवून अवलक्षण! साळसूद, पाठ, सगळं तिथूनच आलं होतं, आणि मी ज्योतिषी शोधत बसले. अकरा वर्षं एकाला घोकवलं, "वाच रे वाच." त्याने वाचलं नाही. याला एकदाच सांगितलं. माझं लिहिलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा भेटला तो असा.

तारीख २, शनिवार

साळसूदावरचा राग अजून आहे. जाईल असं वाटलं होतं, गेला नाही.

दुपारी सव्वा वाजता केंद्रात फोन लावला. नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सिस्टरांनीच उचलला.

"सात नंबरवर मास्तर आले का?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आलेत," सिस्टर म्हणाल्या. "बसलेत. बाई, पुन्हा इथे फोन करू नका."

ठेवला त्यांनी.

मी वही काढून बसले. नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "दोन दिवस झाले, बोलत नाहीस, जेवत नाहीस. नोकरी गेल्याचं एवढं मनावर घेऊ नये. काय लिहितेस?"

त्याला वाटतंय, माझ्यावर अन्याय झालाय आणि तेवढंच आहे.

एवढं लिहून झालं की वही त्याच्या हातात देणार आहे. आधी सगळं वाच म्हणणार आहे, मग बोल.